टेबलावरचा धूर-शोषक: काय पकडतो आणि काय सोडून देतो

सोल्डरिंगच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भागांना वितळलेल्या धातूचा डाख देण्याच्या टेबलावर ठेवण्याचा चौकोनी, काळ्या प्लॅस्टिकचा धूर-शोषक पंखा पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन दुकानांत साधारण दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. हे परीक्षण त्याचे आहे. हे पंखे अनेक नावांनी विकले जात असले तरी आतली रचना जवळपास सारखीच असते: २३० व्होल्टवर चालणारा १२० मिलिमीटर व्यासाचा पंखा, त्याच्या तोंडाशी सुमारे १ सेंटिमीटर जाडीचा कार्बन-फोम, तो धरून ठेवणारी जाळी, हवा बाहेर पडण्यासाठी मागची मोकळी बाजू आणि एक बटण. म्हणून पुढे जे लिहिले आहे ते एखाद्या कंपनीबद्दल नसून या जातीच्या साधनाबद्दल आहे, आणि ज्यांच्याकडे यातला कोणताही नग आहे त्यांना ते लागू पडेल.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. हे साधन घेण्यासारखे आहे. पण खोक्यावरच्या चित्रात दाखवतात तसे, पीसीबीपासून (भाग बसवायच्या सर्किटच्या पाटीपासून) हातभर लांब आणि मागची बाजू खोलीत मोकळी सोडून ते वापरले, तर ते फक्त धूर नाकासमोरून हलवून त्याच खोलीत पसरवते. त्याची जागा आणि त्याच्या मागची हवा कुठे जाते, या दोन गोष्टी सुधारल्या तरच ते दिलेल्या पैशांचे काम करते.

हे समजण्यासाठी मुळात तो धूर कशाचा असतो हे पाहिले पाहिजे, कारण या बाबतीत दुकानदारांपासून शिक्षकांपर्यंत अनेकांची एक ठाम पण चुकीची समजूत आहे. धूर शिशाचा असतो असे मानले जाते. खोक्यांवरही ‘विषारी शिशाचा धूर शोषतो’ अशा अर्थाची वाक्ये छापलेली असतात. प्रत्यक्षात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेली सोल्डरची तार १८३ अंश सेल्सिअसला वितळते, बिटचे, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या तापणाऱ्या टोकाचे तापमान आपण साधारण ३२० ते ३५० अंशांवर ठेवतो, आणि शिसे उकळते ते १७४९ अंशांना. आपल्या कामाच्या तापमानाला शिशाची वाफ होण्याचे प्रमाण नगण्य असते. डोळ्यांना झोंबणारा तो निळसर-पांढरा धूर फ्लक्सचा, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या पदार्थाचा असतो. तारेच्या पोटात वजनाने साधारण २ टक्के फ्लक्स भरलेला असतो आणि तो बहुधा चीडवर्गातल्या झाडांच्या राळेपासून बनवलेला असतो. राळ तापली की तिच्यातील आम्लांचे अतिसूक्ष्म कण हवेत उठतात आणि त्यांच्याबरोबर फॉर्मल्डिहाइडसारखे वायूही निघतात. या कणांपैकी बहुतेक १ मायक्रॉनपेक्षा लहान असतात, म्हणजे नाकातल्या केसांत किंवा घशात न अडकता ते फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात.

राळेच्या धुरामुळे कामाशी निगडित दमा होतो, हे वैद्यकशास्त्राने पूर्वीच मान्य केलेले आहे. ब्रिटनमध्ये या धुरासाठी कामाच्या जागी कायदेशीर मर्यादा ठरवलेली आहे: आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम आणि पंधरा मिनिटांच्या अवधीसाठी ०.१५ मिलिग्रॅम. ही मर्यादा किती कडक आहे हे लक्षात येण्यासाठी एवढेच पाहावे की १०० ग्रॅमच्या एका रिळात सुमारे २००० मिलिग्रॅम फ्लक्स असतो. या दम्याचा सगळ्यात वाईट भाग असा की एकदा शरीर राळेला संवेदनशील झाले की ते सहसा पूर्ववत होत नाही; पुढे अगदी थोड्या धुरानेही छाती भरून येते आणि कित्येकांना हे कामच सोडावे लागते. त्रास बहुधा धूर घेताक्षणी होत नाही. संध्याकाळी किंवा रात्री खोकला येणे, छाती आवळल्यासारखी वाटणे, आणि सुट्टीच्या दिवसांत हे सगळे कमी होणे, ही त्याची लक्षणे असतात. ज्यांना असे होत असेल त्यांनी नवा पंखा विकत घेण्याआधी छातीच्या डॉक्टरांकडे जावे आणि आपण सोल्डरिंग करतो हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण विचारल्याशिवाय हा धागा डॉक्टरांच्याही हाती लागत नाही.

शिसेविरहित तार वापरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून उपकरणांतील शिशावर निर्बंध आणले, पुढे भारतातही ई-कचऱ्याच्या नियमांनी ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, आणि तेव्हापासून कारखान्यांत कथील-चांदी-तांब्याचे मिश्रण रुळले. ते २१७ अंशांच्या पुढे वितळते. म्हणजे बिट अधिक तापवावी लागते, फ्लक्स अधिक तीव्र लागतो आणि धूर कमी होण्याऐवजी वाढतो. शिसेविरहित तार पर्यावरणासाठी आणि हातांसाठी चांगली आहे. फुप्फुसांसाठी तिचा तसा काहीच फायदा नाही.

आता पंख्याकडे येऊ. त्याची ओढ पाहण्यासाठी मी घरात असलेले सगळ्यात सोपे साधन वापरले, ते म्हणजे उदबत्ती. उदबत्तीचा धूर बारीक, सलग आणि डोळ्यांना दिसणारा असल्यामुळे हवा कोणत्या दिशेने वाहते ते तो लगेच दाखवतो. खोलीतला छताचा पंखा बंद ठेवून उदबत्ती जाळीपासून चार-पाच सेंटिमीटरवर धरली की धुराची रेघ आडवी होऊन सरळ फोममध्ये शिरते. पंख्याच्या व्यासाएवढ्या, म्हणजे सुमारे १२ सेंटिमीटर अंतरावर ती वाकते खरी, पण आपण जरासा हात हलवला की तिची वाट चुकते. वीतभर अंतरावर ती जवळजवळ सरळ वर जाते, जणू पंखा चालूच नाही. छताचा पंखा दोनवर लावला तर अगदी जवळची रेघही विस्कटते.

यात पंख्याचा दोष नाही; ओढणाऱ्या हवेचा हा गुणधर्मच आहे. फुंकलेली हवा एका दिशेने झोतासारखी लांबवर जाते, पण ओढलेली हवा सगळ्या बाजूंनी येते, त्यामुळे तोंडापासून जरा दूर गेले की तिचा वेग झपाट्याने घसरतो. कारखान्यांतील वायुवीजनाची रचना करणारे अभियंते असा ठोकताळा धरतात की तोंडाच्या व्यासाएवढ्या अंतरावर वेग मूळच्या सुमारे एक दशांश उरतो. या पंख्याच्या सुमारे १३ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी तोंडासाठी त्यांच्या सूत्राने हिशेब केला तर ६ सेंटिमीटरवर जवळपास एक तृतीयांश, १२ सेंटिमीटरवर एक दशांश आणि २० सेंटिमीटरवर अवघे ४ टक्के वेग शिल्लक राहतो. उदबत्तीने जे दाखवले ते या आकड्यांशी चांगलेच जुळते. म्हणून जाळीपासून कामाची जागा ८ ते १० सेंटिमीटरच्या आत हवी, आणि पंखा समोर किंवा किंचित बाजूला असा हवा की धूर आपल्या चेहऱ्यापासून लांब जाताना त्याच्या तोंडात शिरेल. पंखा उजवीकडे ठेवला तर उजव्या हाताने काम करणाऱ्याचे मनगटच मध्ये येते. आडव्या रचनेत, म्हणजे तोंड टेबलाला अगदी लागून राहील असा तो ठेवला तर लहान पीसीबीसाठी सगळ्यात चांगला परिणाम मिळतो. उभ्या रचनेत तोंड उंचावर जाते आणि मध्ये अंतर वाढते.

इतक्या जवळ पंखा ठेवण्याची एक किंमत मोजावी लागते. रुंद तांब्याच्या पट्ट्याशी जोडलेल्या भागांच्या पायांवर (त्यांच्या धातूच्या टोकांवर) डाख बसवताना वाहती हवा जोड थोडी थंड करते आणि बिट जरा जास्त वेळ टेकवावी लागते. बारीक भागांच्या कामात हा फरक जाणवत नाही. जाड पायांच्या ट्रान्झिस्टरवर किंवा कनेक्टरवर जाणवतो, आणि तेथे तापमान वाढवण्यापेक्षा रुंद बिट लावणे हा बरोबर उपाय आहे, कारण तापमान वाढवले की फ्लक्स लवकर जळून धूरच वाढतो.

यानंतर फोमकडे पाहू. या साधनाचा सगळ्यात दुबळा भाग तोच आहे. खोक्यावरचा दावा मिनिटाला साधारण १ घनमीटर हवा ओढण्याचा असतो. तो खरा धरला, तर १३ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनातून हवा सेकंदाला सुमारे १ मीटर वेगाने जाते, म्हणजे १ सेंटिमीटर जाडीच्या फोममध्ये ती सेकंदाचा शंभरावा भाग थांबते. एवढ्या वेळात कार्बनने वायू शोषून घ्यावेत ही अपेक्षा फार मोठी आहे. त्यातही फॉर्मल्डिहाइड हा वायू विशेष प्रक्रिया न केलेल्या कार्बनला नीट पकडताच येत नाही. कणांची गोष्ट त्याहून सरळ आहे. फोमची छिद्रे डोळ्यांना दिसतात, आणि ज्या कणांमुळे दमा होतो ते १ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. त्यातले काही फोमच्या धाग्यांवर चिकटतात. बरेचसे मागच्या बाजूने खोलीत परत येतात. मागच्या बाजूला नाक नेले की राळेचा वास येतोच, आणि काम संपल्यावर दार बंद ठेवलेल्या खोलीत तो रेंगाळतो. कण खरोखर अडवण्यासाठी हेपा गाळणी लागते; एच-१३ दर्जाची गाळणी सगळ्यात अवघड आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवते. पण तिच्यातून हवा खेचण्याइतका जोर या साध्या पात्यांच्या पंख्यात नसतो, म्हणून फोमच्या जागी हेपाचा तुकडा बसवण्याचा जो सल्ला काही जण देतात त्याने हवेचा प्रवाहच जवळजवळ थांबतो.

फोम धुऊन उन्हात वाळवून पुन्हा बसवण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने धूळ जाते, पण कार्बनची भरलेली छिद्रे मोकळी होत नाहीत. फोम हा बदलण्याचाच भाग आहे आणि सुटे फोम स्वस्तात मिळतात. पावसाळ्यात तर कोकणात आणि घाटमाथ्यावर हवेतली ओल कार्बनची छिद्रे आधीच अडवून बसते, त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत फोमवर जवळजवळ भरवसा ठेवू नये. दुर्दैवाने याच दिवसांत खिडक्या बंद असतात.

म्हणून या साधनाचा मी सुचवलेला उपयोग वेगळा आहे: गाळणी म्हणून नव्हे, तर धूर बाहेर फेकणारा पंखा म्हणून. मागच्या बाजूवर जाड पुठ्ठ्याची किंवा प्लायवुडची एक चौकट बसवली आणि तिला स्वयंपाकघरातल्या चिमणीसाठी मिळतो तो लवचीक ॲल्युमिनिअमचा पाइप जोडला, तर धूर खिडकीतून सरळ बाहेर जातो. चिमणीचा पाइप साधारण १५० मिलिमीटर व्यासाचा मिळतो आणि १२० मिलिमीटरच्या पंख्याला तो चांगला जुळतो. याहून अरुंद पाइप घेऊ नये. पाइप जितका आखूड आणि सरळ तितके चांगले, कारण या पंख्याला लांब आणि वळणावळणाच्या पाइपातून हवा ढकलता येत नाही. एका वळणासह मीटर-दीड मीटर लांबीपर्यंत उदबत्तीची रेघ जवळून पूर्वीसारखीच आत ओढली जाते. चुण्या पडलेला, तीन वळणांचा पाइप लावला की ती ढिली पडते. पाइप लावल्यावर फोम काढून टाकला तर ओढ वाढते, पण मग पुढची जाळी नीट बसवलेली हवी, नाहीतर भागांच्या पायांचे कापलेले तुकडे आणि आपली बोटे थेट पात्यांपर्यंत जातात. पाइपाचे तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे किंवा जिन्यात उघडणार नाही हे पाहणे आपले कर्तव्य आहे. चाळीत आणि दाटीच्या इमारतींत याचा विचार आधी करावा.

हे केल्यावर एक प्रामाणिक प्रश्न उरतो: मग खिडकीत बसवायचा साधा एक्झॉस्ट पंखाच का घेऊ नये? ज्यांची खोली आणि खिडकी स्वतःची आहे त्यांच्यासाठी तोच अधिक चांगला पर्याय आहे असे मला वाटते. टेबल खिडकीला लागून ठेवायचे, एक्झॉस्ट पंखा टेबलाच्या उंचीपासून थोडाच वर बसवायचा, आणि मागचे दार किंचित उघडे ठेवायचे, म्हणजे ताजी हवा आपल्या पाठीकडून येऊन धूर पुढे घेऊन जाते. पंखा छताजवळ लावला, जसा तो सहसा लावलेला असतो, तर धूर आधी चेहऱ्यासमोरून वर चढतो आणि मग बाहेर जातो. असा पंखा खोली स्वच्छ करतो, पण काम करणाऱ्याचा श्वास वाचवत नाही. भाड्याच्या घरात राहणारे, वसतिगृहातले विद्यार्थी आणि ज्यांना टेबल सतत हलवावे लागते अशांसाठी मात्र टेबलावरचा शोषक आणि पाइप हीच जोडी सोयीची आहे.

बांधणीबद्दल. माझ्याकडच्या नगातली तीन पिनी वायर आणि आतल्या लोखंडी चौकटीला जोडलेली अर्थिंगची तार पाहून समाधान वाटले; प्लॅस्टिकचे अंग आणि दोन पिनी वायर असलेले नगही बाजारात दिसतात आणि ते घेऊ नयेत. बटण भक्कम आहे. आवाज बोलणे ऐकू येण्याइतपत कमी आहे, पण रेडिओ मोठा करावा लागतो. आत फ्यूज दिसला नाही, तेव्हा तो ज्या बोर्डावर लावायचा तेथे फ्यूज आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असणे गरजेचे आहे. मला सगळ्यात जास्त खटकते ती वायर मागून न येता बाजूने येण्याची रचना. जे साधन ३५० अंश तापलेल्या बिटपासून ८-१० सेंटिमीटरवर ठेवायचे आहे, त्याची २३० व्होल्टची पीव्हीसी वायर त्याच टेबलावर लोळत असते. बिट चुकून तिच्यावर टेकली तर काही सेकंदांत वरचे आवरण वितळून आतल्या तारा उघड्या पडतात. वायर टेबलाच्या मागच्या कडेने नेऊन चिमट्याने बांधून टाकावी, आणि सोल्डरिंग आयर्नसाठी पत्र्याच्या दोन वाकवलेल्या पट्ट्यांऐवजी जड बुडाचा, स्प्रिंग असलेला स्टँड घ्यावा. आयर्न निसटला तर तो झेलायचा नाही, पडू द्यायचा. हे शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. भाजलेच तर वाहत्या नळाखाली वीस मिनिटे हात धरावा. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये.

आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ ओढण्यासाठी या पंख्याचा उपयोग करू नये, हेही येथेच सांगतो. पीसीबी धुताना अनेक जण वासाने कंटाळून पंखा चालू करतात. हे अल्कोहोल सुमारे १२ अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ देते, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत ते पेटू शकते, आणि पंख्याच्या बटणाची ठिणगी बंद खोक्यात नसते. पीसीबी धुण्याचे काम आयर्न बंद करून, तो थंड झाल्यावर, उघड्या खिडकीजवळ करावे. बाटली तोंड उघडे ठेवून टेबलावर ठेवू नये.

धूर-शोषक घेतल्यावर माणसाला वाटते की आता सुरक्षिततेची व्यवस्था झाली. तसे होत नाही, आणि याबाबत खोक्यावरच्या शिशाच्या दाव्यामुळे खरे नुकसान होते. शिसे नाकाने नव्हे तर हातांनी शरीरात जाते. तार धरलेल्या बोटांवर त्याचा राखाडी थर बसतो, डिसोल्डर पंप (वितळलेला डाख ओढून काढणारी पिचकारी) उघडला की त्यातला भुगा टेबलावर सांडतो, आणि त्याच हाताने चहाचा कप उचलला जातो किंवा शेंगदाणे खाल्ले जातात. पंखा कितीही चांगला असला तरी तो यात काही करू शकत नाही. लहान मुलांच्या शरीरात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग करणे हा माझ्या मते या छंदातला सगळ्यात गंभीर हलगर्जीपणा आहे. वेगळे टेबल नसेल तर वेगळा मोठा ट्रे तरी असावा. काम झाल्यावर ट्रे ओल्या फडक्याने पुसावा, झाडू नये, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय दुसऱ्या कशालाही लावू नयेत. दातांनी तार धरण्याची सवय आजही काही जुन्या कारागिरांत दिसते. त्यांना आदराने, पण स्पष्टपणे थांबवले पाहिजे.

डोळ्यांचेही तसेच. भागांचे पाय कापताना उडणारे तुकडे पंखा ओढत नाही; ते कापताना मोकळ्या टोकावर बोट ठेवावे आणि पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावावा. उलट्या ध्रुवांनी जोडलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पहिल्यांदा वीज देताना फुटू शकतो, तेव्हाही हाच चष्मा कामी येतो. काचतंतूंचा पीसीबी कापताना किंवा घासताना निघणारी धूळ मात्र या पंख्याकडे मुद्दाम नेऊ नये. तो पीसीबी ओला करून घासावा, म्हणजे धूळ हवेत उठतच नाही.

पॉवर सप्लायची दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक ओळ वेगळी लिहिणे भाग आहे. २३० व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेचे एकदिशीकरण (ती एकाच दिशेने वाहील असे करणे) झाल्यावर कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये तेव्हा साधारण ५ जूल ऊर्जा असते. प्लग काढल्यावरही ती तेथेच राहू शकते. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करण्याऐवजी पुरेशा क्षमतेच्या वायरवाउंड (तार गुंडाळून बनवलेल्या) रोधकातून तो रिकामा करावा आणि आयर्न टेकवण्याआधी मल्टिमीटरने मोजून खात्री करावी.

मास्क लावून हे सगळे टाळता येईल का, असे विचारले जाते. साधा कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क या कामासाठी निरुपयोगी आहे. एन-९५ मास्क नीट बसलेला असेल तर कण बऱ्यापैकी अडवतो, पण वायू अडवत नाही, आणि मे महिन्यात तो तासन्‌तास लावून कोणी काम करत नाही. एखाद्या दिवशी मोठ्या प्रमाणात डिसोल्डरिंग करायचे असेल तर पंख्याच्या जोडीला तो वापरावा. त्याच्या ऐवजी नव्हे. त्याचप्रमाणे राळविरहित फ्लक्सची तार दम्याचा धोका कमी करते, पण तिच्यातल्या सेंद्रिय आम्लांचा धूरही श्वासनलिकेला त्रास देतोच.

मला या साधनापेक्षाही अधिक काळजी वाटते ती आयटीआय, तंत्रनिकेतने आणि भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान जुळणी-कारखान्यांची. एका खोलीत वीस-तीस आयर्न एकाच वेळी चालू असतात, जोड थंड होतात म्हणून छताचे पंखे बंद केलेले असतात, आणि मुले-मुली, किंवा कारखान्यांत मुख्यतः स्त्रिया, पीसीबीवर वाकून सहा-आठ तास काम करतात. छंद म्हणून आठवड्यातून दोन तास सोल्डरिंग करणाऱ्याच्या कित्येक पट धूर त्यांच्या वाट्याला येतो. अशा ठिकाणी प्रत्येक जागेवर हा दोन-तीन हजारांचा पंखा देऊन फोमच्या भरवशावर राहणे हा उपाय नाही. त्यामुळे खोलीतला एकूण धूर कमी होत नाही, फक्त तो सगळ्यांत समान वाटला जातो. तेथे भिंतीलगत एक मोठा पाइप, त्याच्या टोकाला जोरदार ब्लोअर आणि प्रत्येक जागेवर हवे तसे वळवता येणारे एक तोंड अशी सामाईक व्यवस्था हवी. पंखे वेगवेगळे घेऊन दरवर्षी फोम बदलत राहण्याच्या खर्चाचा विचार केला तर ती मोठ्या वर्गासाठी फार महाग पडू नये. हेपा आणि जाड कार्बनचा थर असलेली तयार यंत्रेही मिळतात. ती या पंख्याच्या अनेक पट किमतीची असतात, पण जेथे बाहेर पाइप नेणे शक्यच नाही, तेथे त्यांना पर्याय नाही. खरेदी समितीवर असलेल्या प्राध्यापकांनी निविदेत ‘धूर-शोषक, नग तीस’ एवढेच न लिहिता हवा कुठे सोडली जाणार आणि गाळणीचा दर्जा कोणता, हे लिहावे.

घरच्या वापरासाठी खरेदी करताना मी पुढील गोष्टी पाहीन: तीन पिनी वायर, मागची बाजू सपाट आणि पाइप जोडता येईल अशी, आडवा आणि उभा असा दोन्ही प्रकारे ठेवता येणे, पुढची जाळी स्क्रूने घट्ट बसणारी, आणि जोडीला किमान दोन-तीन फोम. आत दिवा असलेला किंवा यूएसबीवर चालणारा लहान पंखा घेऊ नये. त्याच्या लहान तोंडामुळे ओढ दोन-तीन सेंटिमीटरवरच संपते आणि तेवढ्या जवळ पीसीबी, बिट आणि हात एकत्र मावत नाहीत. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर खरेदी केली तर दुकानदाराला तो चालू करून दाखवायला सांगावे आणि जाळीसमोर पातळ कागदाचा तुकडा धरावा; चांगला पंखा तो सहज चिकटवून ठेवतो. पाइप आणि चौकटीसाठी वरचा थोडा खर्च आधीच गृहीत धरावा, आणि ज्यांच्या घरात खिडकी टेबलापाशी आहे त्यांनी हे पैसे आधी एक्झॉस्ट पंख्यावर खर्च करावेत.